अठरा पूर्ण होण्याआधीचे पाच महिने

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

आमच्या शहरातील मुलांच्या एका बालगृहात मी दर शनिवारी गणित शिकवायला जाते. तेथील एक मुलगा नऊ वर्षांचा असताना संस्थेत आला. त्याचे आई-वडील दोघेही वारले आहेत. आता तो बारावीत आहे आणि येत्या जानेवारीत, म्हणजे बोर्डाची परीक्षा अगदी तोंडावर आलेली असताना, त्याला अठरा वर्षे पूर्ण होतील. "ताई, मग मी कुठे जायचं?" असे त्याने मला विचारले आणि मला काहीच सांगता आले नाही. संस्थेतील माणसे चांगली आहेत, पण "अठरा झाले की नियमाने ठेवता येत नाही" एवढेच ते म्हणतात. इतकी वर्षे कधीही न आलेले त्याचे एक काका अलीकडे भेटायला येऊ लागले आहेत आणि त्याला गावी नेतो म्हणतात. त्याला आमच्याच घरी आणावे असे मला फार वाटते, परंतु घरात दहावीतली मुलगी आहे, सासूबाईंचा विरोध आहे आणि यजमानांचेही मन होत नाही. अशा मुलांसाठी सरकार काही करते का? आणि मी नेमके काय करावे?
— एक वाचक

उत्तर:

ताई, त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि त्याचा बराचसा भाग कायद्यातच लिहिलेला आहे. संस्थेने तुम्हाला सांगितलेले वाक्य बालगृहापुरते खरे आहे, परंतु ते अपुरे आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याने बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला वयाची २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत आर्थिक व इतर साहाय्य देण्याची तरतूद केली आहे. तिला अनुरक्षण सेवा म्हणतात. २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे अपवादात्मक परिस्थितीत ही मदत आणखी दोन वर्षे, म्हणजे वयाच्या २३ वर्षांपर्यंत वाढवता येते. सहा ते आठ जणांनी एकत्र राहण्याची तात्पुरती सोय, व्यवसाय प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नोकरी लागेपर्यंत आधार, स्वतःचा व्यवसाय करायचा असल्यास कर्ज मिळवून देण्याची व्यवस्था आणि नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, एवढ्या गोष्टी या नियमांत आहेत. मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुरक्षणाखालील व्यक्तीसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रात काही ठिकाणी अनुरक्षणगृहेही आहेत. ती प्रत्येक जिल्ह्यात नाहीत, त्यामुळे तेथे राहायचे म्हणजे कदाचित शहर आणि महाविद्यालय दोन्ही बदलावे लागेल. हे त्याला आत्ताच सांगायला हवे.

मात्र कायद्याच्या कलम ४६ ने ही मदत देता येईल असे म्हटले आहे, दिलीच पाहिजे असे म्हटलेले नाही. त्यामुळे ज्याच्या नावाने वेळेवर आणि लेखी मागणी होते, त्याचाच विचार होण्याची शक्यता अधिक असते, आणि ज्याच्यासाठी कोणी कागद हलवत नाही तो वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन फाटकाबाहेर उभा राहतो. तुमच्या हातात आज पाच महिने आहेत, ही या पत्रातली सर्वांत चांगली बातमी आहे. मूल संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढील पुनर्वसनाची योजना तयार करून ती बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातील समिती) ठेवण्याची जबाबदारी आदर्श नियमांनी परिवीक्षा अधिकारी, बाल कल्याण अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ता यांच्यावर टाकली आहे. म्हणजे नोव्हेंबरच्या आत हे काम व्हायला हवे, आणि दिवाळीच्या सुट्ट्या लक्षात घेता सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच त्याला हात घातलेला बरा.

सुरुवात अधीक्षकांपासून करा. त्यांना डावलून वर जाऊ नका. तुम्ही तेथे पाहुण्या आहात आणि अजून पाच महिने त्या मुलाला त्यांच्याच छत्राखाली काढायचे आहेत. "याच्या अनुरक्षणाचा प्रस्ताव आपण पाठवणार आहोत का, आणि त्यासाठी मी काय मदत करू?" असे विचारा. लिहिण्याचे, झेरॉक्स काढण्याचे आणि कार्यालयात खेटे घालण्याचे काम कोणी अंगावर घेतले तर मनुष्यबळ कमी असलेल्या संस्थेला ते हवेच असते. प्रस्ताव बाल कल्याण समितीकडे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो. त्यासोबत मुलाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला अर्जही असावा. त्यात त्याला पुढे काय शिकायचे आहे, कोठे राहायचे आहे आणि कशाची भीती वाटते हे त्याने आपल्या शब्दांत लिहावे. आपल्यासंबंधीच्या निर्णयात आपले म्हणणे मांडण्याचा त्याचा हक्क हे या कायद्याचे मूलभूत तत्त्व आहे, त्यामुळे समितीपुढे बोलण्याची तयारीही त्याच्याकडून करून घ्या. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. परीक्षेचे कारण स्वतंत्र परिच्छेदात मांडा आणि निकाल लागेपर्यंत, निदान शेवटचा पेपर होईपर्यंत त्याची राहण्याची जागा बदलू नये अशी स्पष्ट विनंती करा. बारावीच्या वर्षात घर बदलण्याची वेळ कोणत्याही मुलावर आली तरी आपण हळहळतो, आणि या मुलावर ती ऐन परीक्षेत येऊ शकते हे समिती सदस्यांना वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आता कागदपत्रांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या पाहण्यात संस्थेतून बाहेर पडलेली मुले सर्वाधिक अडकतात ती येथेच. घरात वाढलेल्या मुलाचे कागद आईच्या कपाटातल्या एखाद्या फाइलमध्ये असतात. संस्थेतल्या मुलाचे कागद कार्यालयात असतात आणि बाहेर पडल्यावर ते मिळवायला परत येणे त्याला नकोसे वाटते. म्हणून आत्ताच पाहा: जन्माचा दाखला आहे का, आणि नसेल तर वय ठरवणारा समितीचा आदेश आहे का. शाळेच्या दाखल्यावरचे, आधारवरचे आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव अक्षरशः एकच आहे का, की कोठे वडिलांचे नाव गाळले आहे आणि कोठे आडनावाचे स्पेलिंग बदलले आहे. आधारचे वयाच्या १५ व्या वर्षानंतरचे बायोमेट्रिक अद्ययावतीकरण झाले आहे का, आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे. हा क्रमांक संस्थेतल्या एखाद्या बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याचा असला तर पुढे प्रत्येक ओटीपीपाशी हा मुलगा थांबणार. आई-वडिलांच्या मृत्यूचे दाखले, जातीचा दाखला काढता येत असल्यास त्यासाठी वडिलांकडचे पुरावे, रहिवासी दाखला, आणि बाल कल्याण समितीचे प्रवेशाचे व नंतरचे आदेश यांच्या साक्षांकित प्रती त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये असाव्यात. अठरा पूर्ण होताच मतदार नोंदणीचा नमुना ६ भरून घ्या. नोंदणीसाठी वर्षातून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा पूर्ण आहेत का ते पाहिले जाते) असतात, त्यामुळे जानेवारीत वाढदिवस असलेल्या मुलाला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागत नाही.

यातला सर्वांत महत्त्वाचा कागद अनाथ प्रमाणपत्र हा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण लागू केले. त्याचे प्रवर्ग आणि अटी २०२१ व २०२३ च्या शासन निर्णयांनी बदलल्या आहेत, म्हणून अर्ज करताना जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातून सध्याचा नमुना मागून घ्या. प्रमाणपत्र महिला व बाल विकास विभागाकडून मिळते आणि त्याला वेळ लागतो. मुलगा संस्थेत असतानाच अर्ज गेला तर चौकशीचे कागद जागच्या जागी मिळतात. बाहेर पडल्यावर तोच मुलगा आपण अनाथ आहोत हे सिद्ध करत हिंडतो, यासारखी दुःखदायक गोष्ट नाही. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी हे प्रमाणपत्र जूनमध्ये हातात असायला हवे. संस्थेतल्या ज्या मुलांची आई किंवा वडील हयात आहेत, त्यांना हे प्रमाणपत्र सहसा मिळत नाही, परंतु अनुरक्षण सेवा त्यांच्यासाठीही आहे हे लक्षात ठेवा. त्याच्या बरोबरीच्या आणखी कोणाचे अठरा याच वर्षी पूर्ण होत असेल, तर त्यांचेही अर्ज याच खेपेत जाऊ द्या.

पैशांबाबत दोनच गोष्टी. अनुरक्षणाची रक्कम थेट त्याच्या बँक खात्यात जमा व्हावी असा नियम आहे, त्यामुळे खाते त्याच्या एकट्याच्या नावाचे आणि चालू असले पाहिजे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखाली असताना उघडलेल्या खात्यात वय पूर्ण झाल्यावर नव्याने सही व केवायसी द्यावी लागते. तसेच आजवर त्याच्या नावाने काही ठेव, देणगी किंवा शिष्यवृत्ती जमा झाली असेल तर तिचा हिशेब संस्थेने त्याला दाखवावा अशी विनंती करा. यात संशय घेण्याचा प्रश्न नाही. सज्ञान होणाऱ्या माणसाला आपल्या पैशांची माहिती असावी, इतकी ही साधी गोष्ट आहे.

काकांविषयी तुम्ही एकाच वाक्यात लिहिले आहे, पण मी त्यापाशी बराच वेळ थांबलो. काका मनापासून आले असण्याची शक्यता आहे. परिस्थिती सुधारल्यावर, किंवा आजवरची लाज बाजूला सारून, माणसे खरोखरच भेटायला येतात आणि मुलाला आपल्या रक्ताचे कोणी आहे याचा जो आनंद होतो तो आपण हिरावून घेऊ नये. तरीही अठराव्या वर्षाच्या तोंडावर अचानक आलेल्या नातेवाइकाच्या बाबतीत एक प्रश्न विचारायलाच हवा: वडिलांच्या नावे गावी शेती किंवा घर होते का? कारण वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की त्या मुलाची सही कायद्याने ग्राह्य धरली जाते आणि हक्कसोड पत्रावर ती घेण्यासाठी प्रेमाचे चार शब्द आणि एक नवा मोबाइल पुरतो. गावचे नाव ठाऊक असेल तर सातबारा उतारा ऑनलाइन पाहता येतो. वारस म्हणून मुलाचे नाव लागलेले असल्यास त्यापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अशी नोंद आणि पालक म्हणून दुसऱ्या कोणाचे नाव असू शकते. सज्ञान झाल्यावर ती नोंद कमी करून घेण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. नाव लागलेलेच नसेल तर वारस नोंद करून घ्यावी लागेल, आणि तो अज्ञान असताना पालकाने त्याची मिळकत विकली असेल तर तो व्यवहार रद्द करून मागण्यासाठी सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. या कामासाठी वकिलाची फी भरण्याची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अठरा वर्षांखालील मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यानंतरही कमी उत्पन्नाच्या आधारावर ती मागता येते. म्हणून तो अर्जही जानेवारीच्या आतच करा.

काकांची चौकशी तुम्ही स्वतः करू नका. त्यांच्या घरची परिस्थिती पाहून सामाजिक तपासणी अहवाल द्यावा, अशी विनंती अधीक्षकांमार्फत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला करा. अठरा पूर्ण झाल्यावर तो कोठे जातो हे समिती ठरवू शकणार नाही, ते तोच ठरवील, त्यामुळे त्याला योग्य माहिती मिळण्याची वेळ हीच आहे. आणि त्याच्याशी बोलताना काकांबद्दल वाईट बोलू नका. "काकांकडे जा, राहून ये, पण कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी मला फोन कर आणि तो कागद वकिलांना दाखव," एवढे एकच वाक्य त्याच्या मनात पक्के बसवा.

आता तुमच्या घराचा प्रश्न. तुमची इच्छा खरी आहे आणि ती मनात आल्याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो, परंतु आजच्या परिस्थितीत त्याला राहायला आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्याची आडकाठी नाही, सज्ञान माणूस कोणाकडेही राहू शकतो. अडचण वेगळी आहे. ज्या घरातल्या दोन मोठ्या माणसांचा होकार नाही त्या घरात त्याला आपण नकोसे आहोत हे पहिल्या आठवड्यातच कळेल, कारण माणसांचे चेहरे वाचायला तो लहानपणापासून शिकला आहे. चार महिन्यांनी त्याला दुसरीकडे जायला सांगावे लागले तर ते त्याच्या आयुष्यातले आणखी एक घर सुटणे असेल. सासूबाई आणि यजमान यांना निष्ठूर समजू नका आणि दहावीतल्या मुलीचे मतही विचारा, कारण घर तिचेही आहे. कोणाचे मन वळवण्यात पुढचे पाच महिने घालवू नका. ते महिने कार्यालयांसाठी लागणार आहेत.

त्याऐवजी जे अनेक वर्षे पाळता येईल तेवढेच कबूल करा. उदाहरणार्थ, दर रविवारी संध्याकाळी फोन. महिन्यातून एकदा भेट. आजारी पडला तर दवाखान्यात तुमचे नाव द्यायची मोकळीक. महाविद्यालयाच्या अर्जावर स्थानिक पालक म्हणून तुमची सही. खोली भाड्याने घेताना घरमालकाला "मी याला ओळखते" असे सांगणारे कोणीतरी. आपल्याकडे जवळपास प्रत्येक अर्जात कायमचा पत्ता आणि पालकाचे नाव विचारले जाते आणि प्रत्येक मुलाखतीत "घरी कोण कोण असतं?" हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर काय द्यायचे, किती सांगायचे आणि किती सांगायचे नाही, याचा सराव त्याच्याबरोबर शांतपणे करा. इंग्लंडमध्ये शासनाच्या देखरेखीखाली वाढलेल्या तरुणांना एक ठरलेला सल्लागार देण्याची सोय २००० सालच्या कायद्याने झाली आणि २०१७ च्या कायद्याने त्याची मुदत २५ वर्षांपर्यंत वाढवली. आपल्या नियमांतील समुपदेशकाच्या तरतुदीमागेही हाच विचार आहे. तो समुपदेशक मिळेल तेव्हा मिळेल. तुम्ही तर आजही त्याला ओळखता.

सुट्ट्यांचा विचार अगोदर करून ठेवा. वसतिगृहे दिवाळीत आणि उन्हाळ्यात बंद होतात, बाकीची मुले बॅगा भरून गावी निघतात आणि या मुलाला कोठे जायचे हे कोणीही ठरवलेले नसते. वसतिगृहाच्या प्रमुखांना प्रवेशाच्या वेळीच परिस्थिती सांगून सुट्टीत राहण्याची परवानगी लेखी घ्या. घरातल्या सर्वांची तयारी असेल तर भाऊबीजेच्या दिवशी जेवायला बोलावणे ही गोष्ट मात्र तुमच्या घराला नक्की झेपेल, आणि कदाचित तेथून सासूबाईंचेही मत हळूहळू बदलेल. त्याची घाई करू नका.

घंटेवर उठलेल्या, घंटेवर जेवलेल्या मुलाला बाहेरच्या जगातल्या अगदी साध्या गोष्टी ठाऊक नसतात, आणि विचारायची त्याला लाज वाटते. हजार रुपये महिनाभर कसे पुरवायचे, एटीएमचा पिन जिवलग मित्रालाही का द्यायचा नाही, ताप आला तर सरकारी दवाखान्यात केसपेपर कोठे काढायचा, बसचे आरक्षण कसे करायचे, भाडेकरारात अनामत रकमेबद्दल काय लिहिलेले असते, हे सारे अधीक्षकांच्या परवानगीने शनिवारच्या गणिताच्या तासातच शिकवता येईल. पहिला पगार किंवा पहिली रक्कम हातात आल्यावर ती संस्थेतल्या जुन्या मित्रांवर दोन दिवसांत खर्च होणे फार नेहमीचे आहे. ती मुले म्हणजेच त्याचे भाऊ असतात, त्यामुळे याबद्दल त्याला रागावू नका. फक्त खोलीभाडे आणि मेस यांचे पैसे आधी बाजूला काढायची सवय लावा.

तो चिडचिड करील, अभ्यासातून लक्ष काढील, कदाचित तुमच्याशीही तुटक वागेल. जानेवारी जवळ येईल तसे हे वाढेल, कारण आपल्याला सोडून जाणाऱ्या माणसांपासून आधीच लांब होणे त्याला सोपे वाटते. अशा वेळी शनिवार चुकवू नका. झोप उडणे, जेवण सोडणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे यांपैकी काही दिसले तर संस्थेच्या समुपदेशकांना त्याच दिवशी सांगा. टेली मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्याच्या फोनमध्ये असू द्या. आणि एक काळजी घ्या: मदत गोळा करण्यासाठी त्याचे नाव, फोटो किंवा संस्थेचे नाव व्हॉट्सॲपवर टाकू नका. बालकाची ओळख उघड करणे कलम ७४ नुसार गुन्हा आहे आणि सज्ञान झाल्यावरही त्याची कहाणी कोणाला सांगायची हे ठरवण्याचा हक्क त्याचाच आहे.

प्रस्ताव देऊन महिना झाला आणि काहीच कळले नाही, तर प्रथम जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांची प्रत्यक्ष भेट घ्या. तेथेही हालचाल दिसली नाही तर पुण्यातील महिला व बाल विकास आयुक्तालयाला आणि मुंबईतील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाला लेखी कळवा. त्या पत्राला मुलाची जन्मतारीख, परीक्षेचे वेळापत्रक आणि पहिल्या अर्जाची आवक क्रमांक असलेली प्रत जोडा, आणि हे पत्र नोव्हेंबर संपण्यापूर्वी जाईल असे पाहा.